विहीणबाईंची वाटी किलोत किती?

बेल्लमपल्ली, मंगळवार

सौ. विहीणबाई बयनाबाई यांना जयवंताबाईचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून वाकणं कागदावरच). तुमच्या गुडघ्याला आराम आहे का? व्याह्यांचा खोकला गेला का? इकडं आमी सगळे बरे आहो. तुमची रुख्मिणी तेवढी बरी नाही, म्हणून हे पत्र लांबणार.

पाचवा लागला तरी पोरीच्या पोटात अन्न ठरून नाही राह्यलं. डॉक्टरीण म्हणते, रक्त कमी आहे, काहीही करून खाऊ घाला, आणि बसचा धक्का तर अजिबात नको. म्हणजे माहेरी धाडायची सोय नाही. पोरगी स्वतःहून काही मागत नाही. (तुमी तिला इतकं मुकं काऊन वाढवलं? हट्ट केला असता तर मला सोपं गेलं असतं.) एकदाच बोलली, मायच्या हातची नानखटाई खावीशी वाटते. मी तुमाला लिहिलं, तुमचं कार्ड आलं: तीन वाट्या मैदा, दीड वाटी पिठीसाखर, दीड वाटी तूप. म्हटलं, हात्तिच्या! एवढंच ना?

घरात भट्टी नाही, म्हणून गेली बाजारातल्या गफूरभाईच्या बेकरीत. माणूस मोठा तिरसट. आपण मळून नेलेलं त्याला चालत नाही. त्याचाच कारागीर मळणार, आणि माल आपण तोलून द्यायचा, तोही नव्या किलोत. "कटोरी तुम्हारे घर की, भट्टी हमारी," म्हणे. शेर-छटाक जाऊन किलो आला, तुमचं किनवट महाराष्ट्रात गेलं, आमी आंध्रात राह्यलो, सगळं सोसलं. पण पोटुशी पोरीच्या खाऊलासुद्धा सरकारी वजन लागते, हे मला माहीत नव्हतं बाप्पा!

मग आमच्या यांनी कंबर कसली. निजामाच्या वेळेपासून गिरदावर म्हणून लोकांची शेतं मोजली, वाटी मोजायला किती वेळ? यांनी तुपाची वाटी तोलली, आणि मैद्यालाही तेच वजन लावलं. वाटी ती वाटीच, म्हणाले. आता तूप जड, मैदा हलका, हे मला कळते. पण यांना सांगणार कोण? (मीच सांगितलं. ऐकलं नाही.) त्या नानखटाया अशा निघाल्या, की तुमचा जावई, आमचा उद्धव, एक चावून दाढ धरूनच खाणीत ड्यूटीला गेला. दुसऱ्या खेपेला यांनी मैदा तोलला खरा, पण चाळून, फुलवून, वाटीत अलगद सोडून. मैदा भरला कमी, तूप झालं जास्त, आणि पत्र्यावर सगळ्या पाघळून एकच नानखटाई झाली. गफूरभाई म्हणाला, "काट के दूँ?"

तिसऱ्यांदा मी यांना घरी बसवलं. मैदा वाटीत भरला, वाटी दोनदा आपटली, वरून बोट फिरवलं, आणि मग तोलला. जमली हो विहीणबाई! खुसखुशीत, वेलचीचा वास, मी तिथंच उभ्या उभ्या दोन खाल्ल्या. रुख्मिणीनं एक हातात घेतली, वास घेतला, अर्धी खाल्ली. "छान झाली, आत्याबाई," म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून निजली. रडत होती. मी जवळ बसून पाठीवरून हात फिरवला, दुसरं काय करणार.

तेव्हा तुमची वाटी केवढी, मैदा दाबून घेता की मोकळा, तेवढं सविस्तर कळवा.

तुमची,
जयवंताबाई

ता. क. वाटीचं राहू द्या. तिला नानखटाई नको, माय पाहिजे. तुमी या.

आणखी ता. क. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा तुमचा रिवाज मला ठाऊक आहे. मागच्या पडवीत तुमच्यासाठी वेगळी चूल मांडली. पीठ-मीठ तुमचं आणा. पाणी शेजारच्या तेलुगू मास्तरणीच्या घरून येईल, तिला विचारून ठेवलं.

शेवटचं. एवढं करूनही मन घेत नसेल तर उपाशी बसा, मीही तुमच्यासंगं उपाशी बसते. आपल्या दोघींना जेवायला लावायचं म्हणून तरी ती पोरगी चार घास खाईल.