शीतलचं लाल रेघेतलं प्रकरण

१२ मे, सोमवार

शीतलचा फोन. मंगळवेढ्याची पोरगी. तीन वर्षांपूर्वी टेक्स्टाइल डिप्लोमाच्या शेवटी सहा महिने आमच्या युनिटला इंटर्न होती. टॉवेलातले दोष हा प्रोजेक्ट. नंतर एमआयडीसीतच दुसऱ्या कारखान्यात लॅबला लागली. पगार बरा. वडील (एस.टी. डेपोत मेकॅनिक) खूश. आणि आज म्हणते, "सर, मला हे सोडायचंय. कानाच्या लाइनीला जायचंय."

म्हणजे ऐकू कमी येणाऱ्यांना तपासणं, मशीन बसवणं, बोलायला शिकवणं. पुण्यात कोर्स आहे. ज्याच्या हाताखाली काम केलं त्याचं शिफारसपत्र लागतं, ३० तारखेच्या आत. पुढच्या वर्षी वयात बसणार नाही, म्हणजे यंदा नाही तर नाहीच.

टॉवेल कुठं, कान कुठं! हे डोक्यात कुठून आलं, विचारलं. "तुमच्या शेडमधनंच की, सर."

आमच्या शेडमध्ये मागांच्या आवाजात माणसं कान ठेवून जातात. ही घेऊन कशी निघाली?

१४ मे

फॉर्म आला मोबाइलवर. एकच मोठा प्रश्न: उमेदवाराने तुमच्याकडे असताना असं काय पाहिलं, जे इतरांनी पाहिलं नाही?

लिहिलं: मेहनती, वक्तशीर, नम्र, सर्वांशी मिळून-मिसळून वागणारी. सौ.ने वाचलं. "हे सून बघायला येणाऱ्यांना सांगतात. तिनं पाहिलं काय, ते विचारलंय." टीव्हीचा आवाजही कमी केला तिनं, मला न विचारता. नेहमीचंच.

खोडलं सगळं. काय पाहिलं असेल तिनं?

१५ मे

लॅबच्या कपाटातून तिचा जुना रिपोर्ट काढला. कपाटाचं दार अर्धंच उघडतं, माझ्या टेबलाच्या उजवीकडचं स्टूल आडवं येतं. कोपर सोलपटलं.

कच्ची प्रत आहे. पाचव्या प्रकरणावर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत माझी लाल रेघ. वर माझंच अक्षर: 'विषयाशी संबंध नाही. काढा.' प्रकरणाचं नाव: शेडमधली हातांची भाषा.

आठवलं. "टॉवेलावर लिही, हातांवर नको," असं म्हणालो होतो. ती "बरं सर" म्हणाली होती. तेवढंच. पक्क्या प्रतीत प्रकरण नव्हतं, आणि मी शाबासकी दिली होती. धन्य आहे माझी.

१६ मे

जेवायच्या सुट्टीत प्रकरण वाचायला घेतलं. पहिली दोन पानं. मग राहवेना, उठून शेडमध्ये गेलो. अठ्ठावीस वर्षं ज्या शेडमधून रोज फिरतो, तिथं आज पाहुण्यासारखा उभा.

खरंच बोलतात की! मागांच्या खडखडाटात कानाला तोंड लावलं तरी ऐकू येत नाही, म्हणून हातांनी. धागा तुटला: दोन बोटांची कात्री. जॉबरला (माग दुरुस्त करणारा) बोलवा: मूठ पान्यासारखी फिरवायची. चहा: अंगठा ओठाला. शेठ आले: पोटावरून हात. (शेठना हे कधी कळू नये.)

तिनं प्रत्येक खुणेचं पेन्सिलनं चित्र काढलंय. मला हे सगळं माहीत होतं, पण दिसलं नव्हतं. असं कसं होतं?

१९ मे

दु. तीनला लाइट गेली. सगळे माग एकदम बंद. शेड गप्प. तरी मल्लेशममामा (सगळ्यांत जुने विणकर, माझ्याही आधीचे) पलीकडच्याला हातांनीच काहीतरी सांगत राहिले. समोरचाही हातांनीच. मिनिटभर तसंच. मग आवाज नाही, तोंडानं बोलता येतं हे लक्षात आलं आणि दोघं हसले.

शीतलनं हेही लिहिलंय, पान ३८: 'आवाज थांबला तरी हात थांबत नाहीत. कारण मला वाटतं आवाज थांबल्यावरही यांना पुरेसं ऐकू येत नाही. मी अकरा जणांना मागून हाक मारून पाहिली. सात जण वळले नाहीत.'

हिनं दोष शोधलाच होता. टॉवेलातला नव्हता, एवढंच.

२१ मे

शेठकडे गेलो. पत्र लेटरहेडवर हवं, शिक्क्यासह. काय लिहिणार ते सांगितलं. शेठ वाईट नाहीत. पण चेहरा उतरला. "पोरीला पत्र द्या, चांगलं द्या. पण आमच्या लेटरहेडवर 'सात जणांना ऐकू येत नाही'? उद्या कुणी भरपाई मागायला दारात उभं राहील."

मग मेहनती-वक्तशीर-नम्र लिहू का? "लिहा की. काय वाईट आहे?"

तसं लिहिलं, तर तिची जागा जाते. त्या प्रश्नाला ते उत्तरच नाही. शेठचं न ऐकता खरं लिहिलं, तर माझी नोकरी जाते, निवृत्तीला चार वर्षं असताना. सौ.ला अजून बोललो नाही.

२३ मे

प्रकरणाचं शेवटचं पान आज वाचलं. ते राहिलंच होतं. खूण क्र. २६: 'सर.' चित्रात पंजा डाव्या कानामागे.

मला हसू आलं. मी कानावर पेन्सिल अडकवतो, त्यावरून असणार. मग हात वर गेला. पेन्सिल उजव्या कानावर असते. कायम उजव्या.

मामांना चहाला बाहेर बोलावलं, खूण करून दाखवली. मामा लाजले. घरी तेलुगू, माझ्याशी मराठी. "त्ये नाव न्हाय साहेब. नव्या पोरान्ला शिकवायला हाय. तुमाला डावीकडनं हाक मारली तर कळत न्हाय. रागावता उलट, का बोलवलं न्हाई म्हणून. म्हून उजवीकडनं जायचं, असं सांगायचं."

कधीपासून?

"लई वर्सं झाली की."

चहा गार झाला.

२४ मे

डाव्या कानाला घड्याळ लावलं. काही नाही. उजव्याला टिकटिक. सौ.ला सांगितलं, म्हटलं धक्का बसेल. ती भाजी निवडत होती. "लेकीच्या लग्नापासून मी तुमच्या उजवीकडेच बसते. कितीदा म्हटलं डॉक्टरकडे चला. ते तुम्ही डावीकडून ऐकलं असेल."

सगळ्यांना माहीत. एकट्या मला नाही. रडू आलं, खरं सांगतो. हसूही.

२६ मे

पत्र लिहिलं. साध्या कागदावर, स्वतःच्या नावानं. शिक्का नाही. शेडमधल्या कुणाबद्दल काही नाही, कारखान्याचं नावही नाही. फक्त एका माणसाच्या डाव्या कानाबद्दल. त्याला स्वतःला जे कळलं नव्हतं ते हिनं काही दिवसांत ओळखलं. त्याला न दुखवता रिपोर्टात लिहून ठेवलं. त्यानं ते पान न वाचता खोडलं. तो माणूस मी. सही.

शेठना वाचून दाखवलं. मग म्हणाले, "कान तुमचा आहे. मी काय बोलणार?" मग हळूच, "तपासून या एकदा." माझ्या उजवीकडे येऊन म्हणाले. म्हणजे त्यांनाही!

२८ मे

शीतलला पत्र पाठवलं. तासाभरानं फोन. "सर, तुमी वाचलं व्हय ते पान?" म्हटलं, तीन वर्षं उशिरा.

२ जून

पुण्याच्या संस्थेचा निरोप तिच्याकडे आला. शिक्का नसलेलं पत्र चालेल की नाही, ठरलेलं नाही. उद्या ११ वाजता ते मला फोन करून खात्री करणार, मग ठरवणार. ती म्हणाली, "सर, लॅबमधे बसा, दार लावा." पुढचं बोलली नाही. मला कळलं: फोन उजव्या कानाला.

संध्याकाळी लॅब आवरली. उद्यासाठी. ते स्टूल हलवायला घेतलं आणि आठवलं. ते तिचं. आली तेव्हा ते टेबलाच्या डावीकडे होतं. पहिल्याच आठवड्यात तिनं उचलून उजवीकडे आणलं. मी ओरडलो होतो, कपाटाचं दार उघडत नाही म्हणून. ती नुसती हसली आणि सहा महिने तिथंच बसली.

परत उजवीकडेच ठेवलं. दार अर्धं उघडतं. उघडू दे.