परसातला पालक

२ मे
बाबांशी भांडण. प्रयोगशाळेच्या इल्सेबाई परसातल्या मातीच्या तपासणीचा निकाल घेऊन आल्या. आमच्या या केम्पेन भागातल्या वाळूत जुन्या जस्त-कारखान्याची राख, राखेत कॅडमियम हा विषारी धातू. पालक खायचा नाही, म्हणाल्या. बाबा खवळले. "विषारी असता तर जळून नसता गेला? अख्ख्या गल्लीत एवढा हिरवागार पालक दाखवा मला." उभा जन्म त्याच कारखान्याच्या भट्टीवर गेला, मूत्रपिंडं तिथेच खराब करून घेतली, तरी हेका तोच!
इल्सेबाई म्हणाल्या, "आजोबा, झाड विष मारत नाही. पानाच्या पेशीत कप्पा करून त्यात कोंडतं नि स्वतः सुखरूप राहतं. खाणाऱ्याने आपलं बघावं."

४ मे
पालक उपटला. बाबा खिडकीत उभे होते. टाकवेना, म्हणून खुराड्यातल्या सशांना घातला. एक वाफा सशांसाठीच ठेवलाय — तेवढाच चारा.

१७ जून, रविवार
काळी बिअर आणि सुके आलूबुखारे घालून घरचा ससा केला. लेकीला, कात्रेनला, सातवा महिना. कलेजी दर रविवारप्रमाणे तिच्या ताटात वाढली. बाबांनी काटा घालून उचलली आणि खाऊन टाकली! पोटुश्या नातीच्या ताटातून! "म्हाताऱ्याचा मान," म्हणे. कात्रेन हसत होती. मला लाज वाटली.

२४ जून
पुन्हा तेच. तोंडावर म्हटलं — "हावरट झालात, बाबा." ते खाली मान घालून जेवत राहिले.

९ जुलै
इल्सेबाई सशांच्या खुराड्यापाशी थबकल्या. "यांना काय घालता?" सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "पानातलं कॅडमियम सशाच्या कलेजीत आणि मूत्रपिंडांत जाऊन बसतं. आजोबांनी सांगितलं नाही? गेल्या महिन्यात त्यांनी फोन करून हेच विचारलं होतं."
म्हणजे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून खात होते, त्या अधू मूत्रपिंडांनिशी. आणि मी त्यांना काय काय बोलले! जीभ झडायला हवी होती माझी.

१० जुलै
बाबांना विचारलं, मला का नाही सांगितलंत. म्हणाले, "मला कळायच्या आधीच्या रविवारी कात्रेनने कलेजी खाल्ली होती, पोरी. तू वाढलेली. ते तुला कळू द्यायचं नव्हतं."