मागच्या उजव्या दाराचा खोकला

कुसगाव, सोमवार दुपार

आदरणीय बाजीराव साडूभाऊंना आदिनाथचा, नंदाचा आणि आमच्या चिमाआत्याचा नमस्कार. तुमचा गुडघा आता काय म्हणतो? सारिकाताईंची शुगर आटोक्यात आहे ना? स्वराज अभ्यास करतो, की नुसता पुस्तक उघडून बसतो? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुम्ही म्हणाल, कामशेत इथून हाकेवर, हा माणूस फोन करायचा सोडून पत्र कसलं लिहीत बसलाय? साडूभाऊ, माझ्यासमोर फोनचं नाव काढू नका. कारण पुढे येईलच.

गाडी घ्यायची तर वरचं मॉडेलच घे, टेप कंपनीतूनच बसून येतो, बाहेरून काही लावावं लागत नाही, हा सल्ला तुमचा. (मी दोष देत नाही. नंदा देते.) बाहेरून काही लावावं लागत नाही हे खरं, पण आतून काही काढताही येत नाही हे तुम्ही बोलला नाहीत. तुमच्या जुन्या जीपच्या टेपला दोन बटणं होती, एक आवाजाचं आणि एक स्टेशनचं. नकोसा झाला की टेप उपसून घरी नेऊन कपाटात ठेवता यायचा. इथे बटण म्हणून नाही. पाटीएवढी काळी काच आहे आणि तिच्यातच गाणी, फोन, एसी, मागचा कॅमेरा, सगळा संसार. आवाज कमी करायचा तर आधी घराच्या चित्रावर बोट, मग चाकाच्या चित्रावर, मग एक बाई शुद्ध हिंदीत सांगते की गाडी चालू असताना ही सुविधा मिळणार नाही. मग कधी मिळणार, बाई? गाडी उभी असताना मी गाणी कशाला ऐकू? मराठी भाषा ठेवा म्हटलं तर त्या यादीत कुठकुठल्या देशांच्या भाषा आहेत, मराठी तेवढी नाही. पेनड्राइव्हला भोक आहे, पण ते फक्त चार्जिंगचं. शोरूममधल्या पोराला विचारलं तर तो म्हणाला, "काका, फीचर आहे."

एवढ्यावर भागलं असतं. पण गाडी एकवीरेच्या पायथ्याशी पुजायला नेली, तेव्हा पाऊस लागून राहिला होता. बॉनेटवर काढलेलं स्वस्तिक आत्याच्या डोळ्यांदेखत वाहून गेलं. आत्या तशी हार मानणारी नाही. ती आत येऊन बसली, समोर कोरी काळी पाटी दिसली आणि तिने ओलं कुंकू कालवून त्या काचेवर हातभर स्वस्तिक काढलं, वर अक्षता दाबल्या. आणि बजावलं, "आईच्या पायाशी पुजलंय. आपसूक जाईस्तवर हात लावायचा न्हाई कुनी." तिने मला आईमागे वाढवलंय, तिच्यापुढे माझी काय बिशाद? ऊन असलं की ते कुंकू निमूट असतं. पण आपल्याकडे हवेत ओल आली की ते पुन्हा ओलसर होतं आणि काचेला वाटतं कुणाचं तरी बोट लागलं. मग एसी आपला आपण सुरू, रेडिओ आपला आपण सुरू. आम्ही हसायचो. हसलो ते चुकलं.

आता मूळ विषय. आमची पायल आणि मळवलीच्या कोंडाजीरावांचा गौरव, एकाच हॉटेलात कामाला. पोरीने मुलगा स्वतः पसंत केला आणि येऊन आम्हाला सांगितलं. आजवर तिने माझ्याकडे हट्टाने काही मागितलेलं नाही, साडूभाऊ. हे पहिलंच. म्हणून तर तुम्हाला मध्ये घालून बोलणी सुरू केली. पहिल्या भेटीला तुम्ही होताच. दुसऱ्या भेटीला तुमचा गुडघा आडवा आला आणि मी, नंदा आणि आत्या असे तिघेच निघालो.

पाऊस झोडपत होता. नंदा पट्टा लावत नाही (पोटात कळ येते म्हणते), त्यामुळे गाडी सारखी टुंगटुंग करत होती. त्या टुंगटुंगीत आणखी कसली रिंग वाजली तर कुणाच्या लक्षात येणार? आम्ही मोकळेपणाने बोलत होतो. आपल्याच गाडीत माणसाने बोलू नये का? नंदा म्हणाली, मागल्या वेळी चहा अर्धा कप दिला, गौरवच्या आईचा, शालूबाईंचा, हात फार आखडता आहे, पोरीचं कसं होणार. आत्या म्हणाली, "त्ये पोरगं मुकं हाय का काय?" आणि मी (आग लागो माझ्या जिभेला) म्हणालो, कोंडाजीराव ज्या बंगल्याची राखण करतात त्या शेठचीच आरती ओवाळत बसतात, आमचे शेठ असे आणि आमचे शेठ तसे, ऐकून कान किटले.

तेवढ्यात मागच्या उजव्या दारातून कुणीतरी खोकलं.

नंदाने आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, मी न्हाई. मी कार्ल्याच्या फाट्यावर गाडी बाजूला घेतली आणि मागच्या सीटखाली वाकून पाहिलं. तिथे छत्री होती, आणि दारात टेपचा स्पीकर. मग माझी नजर काचेवर गेली. स्वस्तिकाच्या दोन हातांमधून अक्षरं दिसत होती: कोंडाजी मळवली. किती वेळ झाला ते दाखवणारे आकडे कुंकवाखाली. फोन तोडायचं लाल चित्र अक्षतांखाली. मी बोट दाबलं तर एसी वाढला. पुन्हा दाबलं तर एक लावणी सुरू झाली. शेवटी मी किल्ली फिरवून गाडीच बंद केली.

परत फिरावं तर आणखी वाईट. गेलो. साडूभाऊ, तिथे त्या फोनबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. नुसता चहा आला. कपातून नाही, पाण्याच्या मोठ्या पेल्यांतून, काठोकाठ. नंदाला पेला उचलवेना, तिने वाकून तोंड लावलं. जो मुलगा मागल्या वेळी हूं की चूं बोलला नव्हता तो पाऊस, रस्ता, भाताची आवणी, हॉटेलातला नाश्ता यांवर न थांबता बोलत होता आणि बिचाऱ्याचे कान लाल झाले होते. आणि कोंडाजीराव? एकदा फक्त "आमचे शे" इथवर आले, थांबले आणि पाण्याचा तांब्या शोधू लागले. मला रडावंसं वाटत होतं. निघताना ते म्हणाले, "इचार करून कळवतो."

त्यालाही आता बरेच दिवस झाले. कळवलेलं नाही. पायल गौरवला विचारते तर तो म्हणतो घरात सगळे गप्प आहेत. पोरगी माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडत नाही. ताट समोर घेते, निम्मं खाते आणि उठते. मला झोप लागत नाही. माणसं वाईट नाहीत हो ती, शालूबाई तर मुळीच नाहीत. आम्हीच मूर्ख. पोरगी द्यायची या धास्तीने आम्ही समोरच्यात खोटं शोधत होतो, एवढंच.

कळावे, लोभ असू द्या. आपला आदिनाथ.

ता. क. मुख्य विनंती राहिली. मळवलीला जाऊन हळूच काढून घ्या, त्यांनी कुठपासून ऐकलं? चहापासून ऐकलं असेल तर मी पाय धरायला तयार आहे. नुसतं शेठपासून असेल तर निदान नंदा सुटली.

ता. क. दुसरा. अक्षर सांभाळून घ्या. घरात आत्याची मालिका चालू होती म्हणून मी हे पत्र गाडीत बसून लिहिलं. काचांवर वाफ धरते म्हणून गाडी चालू ठेवली होती. मी लिहिता लिहिता मोठ्याने वाचतो, ही माझी खोड तुम्हाला ठाऊक आहे. फोन मुद्दाम घरात ठेवून आलो होतो, पण गाडी भिंतीला खेटून उभी आणि तिने भिंतीपलीकडचा फोनही धरला. बाहेर धुकं आहे. वरचा ता. क. वाचून संपवतो तोच मागच्या उजव्या दारातून खोकला आला. मग शालूबाईंचा आवाज: "पावनं, पत्र लय लांबलं तुमचं."

मी किल्लीकडे हात नेला, तोच त्या म्हणाल्या, "आमच्यात पयला कप अर्धाच देत्यात. पावन्यानं हक्कानं दुसरा मागायचा, म्हंजी तो घरचा झाला. तुमी मागितलाच न्हाई. आमाला वाटलं, तुमालाच सोयरीक नको हाय. रविवारी या समदी. चहा अर्धाच देनार हाय."

तेव्हा मळवलीला जायची विनंती रद्द. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "बग, जोडलं का न्हाई स्वस्तिकानं?" आता ते लग्न होईपर्यंत पुसलं जाणार नाही. म्हणून रविवारी तुमची जुनी जीप घेऊन या, आपण सगळे तिच्यातूनच जाऊ. आणि चहाच्या वेळी तुम्ही मध्ये बोलू नका. दुसरा कप मी मागणार आहे.