'अभिनेत्री' हा शब्द तसाच ठेवणेबाबत

प्रति,
मा. नामकरण अधिकारी,
इंद्रायणीकाठ सांस्कृतिक विकास मंडळ, मोशी.

विषय : कै. स. धों. तासगावकर महिला विरंगुळा केंद्राच्या फलकावरील 'अभिनेत्री' हा शब्द न बदलणेबाबत.
संदर्भ : १) तोच शब्द बदलणेबाबत माझे यापूर्वीचे चार अर्ज. २) आपले दि. ३ फेब्रुवारीचे पत्र.

महोदय,

माझे आजोबा कै. सदोबा धोंडी तासगावकर हे मराठी रंगभूमीचे तेजस्वी रत्न होते, हे आपल्या मंडळाने ठराव करून मान्य केले. त्याच ठरावाने ते बाई होते हेही मान्य केले.

१. वस्तुस्थिती अशी की, आजोबा संगीत नाटकांत नायिकेची कामे करीत. त्या काळी ती पुरुषच करीत. त्यांच्यासारखा अंबाडा घालण्यासाठी घरंदाज बायका तासन्‌तास आरशापुढे बसत, असे वडील सांगतात. पुढे त्यांनी तीन मूकपट केले. फलकावर छापलेला नऊवारीतला फोटो त्यांतल्या पहिल्यातला, राणीचा आहे. त्याखाली मंडळाने 'थोर अभिनेत्री' असे लिहिले.

२. दुरुस्तीसाठी आलो असता आपल्या कक्षातील सायली मॅडम म्हणाल्या, "काका, फोटोत तर बाईच दिसतेय. पुरुष असल्याचा पुरावा आणा." पुरावा म्हणून मी वडील श्री. अर्जुनराव, वय ८४, यांना समक्ष हजर केले. "मुलगा तर बाईलाही होतो," असे मॅडम म्हणाल्या. तिसऱ्या मूकपटात आजोबा मिशीवाले शिपाई होते, तो फोटो दिला. त्यात ते पाठमोरे आहेत. 'मिशी दिसून येत नाही' असा शेरा मारून तो परत आला.

३. मी भोसरीत वर्कशॉपला सुट्या भागांचा तपासनीस आहे. केसाएवढा फरक निघाला तरी जॉब रिजेक्ट करतो. इथे अख्खा माणूस बदलला आणि माल पास झाला. किळस आली असे अर्जात लिहीत नाहीत, म्हणून 'खेद वाटतो' असे लिहितो. वडिलांनी संध्याकाळचे कट्ट्यावर जाणे सोडले आहे. तिथली मंडळी विचारतात, "काय अर्जुनराव, आईसाहेबांना हार घातला का आज?"

४. आता आपल्या पत्रात चूक मान्य केली आहे. मात्र केंद्र महिलांचे असल्याने त्यास पुरुषाचे नाव देता येत नाही, सबब शब्द दुरुस्त केल्यास नावच काढण्यात येईल, असेही कळवले आहे. पत्र वडिलांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "मग बाईच ऱ्हाऊ दे. जन्मभर पोटासाठी लुगडं नेसले दादा, आणखी थोडं नेसतील. दुसरीकडं कुठं नाव हाय त्यांचं?"

तरी माझे चारही अर्ज रद्द समजून आजोबांना अभिनेत्री या पदावर कायम करावे, ही विनंती.

आपला, पाचव्यांदा नम्र,
ज्योतीराम अर्जुनराव तासगावकर
मोशी, दि. १२ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) आधीच्या चार अर्जांच्या प्रती.
२) वडिलांचे संमतिपत्र.
३) केंद्राच्या जागेचा कालचा फोटो. मोकळा प्लॉट व फलक. केंद्र अद्याप बांधलेले नाही.