सहाव्या पेटीतली ऊ

ती. मामांना वाकून नमस्कार (पाठ धरल्यामुळे जेवढं वाकता आलं तेवढं). तुमचा गुडघा कसा आहे? मामी त्यावरून अजून बोलतात का?

माझं म्हणाल, तर संग्रहालयात नऊ वर्षं तात्पुरता मांडणीकार आहे आणि सोमवारी समिती येऊन मला कायम करणार किंवा घरी बसवणार. साहेबांनी त्यासाठीच काम दिलं : एका काचपेटीत डावीकडे दुर्मिळ निळं फुलपाखरू (साऱ्या जगात मोजून चार नमुने), उजवीकडे कबुतराच्या पिसांतली ऊ, आणि दोघांतला फरक सांगणारी पाटी. (एकाला बघायला लोक तिकीट काढतात, दुसरी फुकट घरी येते, असं मी लिहिलं होतं. साहेबांनी खोडलं.)

आता पेट्यांना अ, आ, इ, ई, उ अशी अक्षरं आहेत आणि ही पेटी सहावी. मी काचेवर आतून ठळक ‘ऊ’ रंगवलं, ते नेमकं फुलपाखराच्या डोक्यावर आलं. खरी ऊ काळ्या मखमलीवर कुणाला दिसेना. पहिल्याच दिवशी एका आईने तिथल्या तिथे मुलीची वेणी सोडून भांग तपासला आणि तरातरा तक्रार करायला गेली. शाळेच्या एका बाईंनी तर ‘उवेला निळे पंख असतात’ असं चाळीस मुलांकडून वहीत लिहून घेतलं. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘तुमची अक्षरओळख तरी झालीय का हो?’’ मामा, खोटं कशाला सांगू, मला रडू आलं.

अक्षर पुसायला पेटी उघडली, टर्पेंटाईनचा वास नाकात गेला आणि मी शिंकलो. फुलपाखरू जागेवर आहे. ऊ गेली. कालपासून भिंग घेऊन जमिनीवर रांगतोय (पाठ त्यातच धरली). साहेबांना अजून सांगितलेलं नाही.

बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. तुमच्या कबुतरांपैकी एखादं चाळून एक ऊ पाठवाल का? मेलेली चालेल. मामींना विचारू नका, त्या ‘आमच्याकडे असलं काही नसतं’ म्हणतील.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तोच समिती दोन दिवस आधी येऊन गेली. रिकामी मखमल त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिली आणि ऊ उत्तम जपली आहे म्हणाले. एकांनी तर पाय मोजले, सहा भरले. मी कायम झालो. ऊ तरी पाठवाच, मामा. निवृत्तीला अजून एकवीस वर्षं आहेत.