मालनसाठी आंबगुळं

१८ फेब्रुवारी, सकाळ
मालनला माहेरी जाऊन आज एक्केचाळीस दिवस. रागाबिगाने नव्हे, चेंज म्हणून. जाताना कपाट रिकामं केलंन, ते झुरळांमुळे.
मेहुणा विनोद फोनवर म्हणाला, ताई म्हणते, सव्वीस वर्षांत यांनी माझ्यासाठी म्हणून काही आणलं नाही. साफ चूक. मिक्सर कोणी आणला?
पण एक आठवलं. लग्नानंतर ती रानातून पदरात आंबगुळं, ती रानफळं, भरून आणायची, मीठ लावून ठेवायची. तीच आता मी नेणार. दोन दिवसांचं काम.

१९ फेब्रुवारी
शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू. मोबाइलमध्ये झाडं ओळखायचं ॲप टाकलं. भाट्ये गावाच्या वर सड्यावर, कातळाच्या माळावर गेलो. काटेरी झुडूप, काळी फळं. ॲप म्हणालं, आंबगुळी, ७१ टक्के. फर्स्ट क्लास. सहा खाल्ली.

२० फेब्रुवारी
पोट.

२१ फेब्रुवारी
पोट. ॲप काढून टाकलं.

२४ फेब्रुवारी
बाजारात रानमेवा विकणाऱ्या चिमाला फोटो दाखवला. हसतच सुटली. "ही घानेरी हाय, दादानू. पाखरांचा खाणा." मी म्हटलं, तीस वर्षं सरकारी नकाशे वाचलेत. ती म्हणाली, "नकाशे र्‍हाऊदेत. पान उलटा करा. चांदीवानी चमाकला तर आंबगुळी." विकत देत होती. नको म्हटलं. मी स्वतः काढलेली असली, तर मालन बरोबर ओळखेल.

३ मार्च
सापडली! आठ दिवस शंभरेक झाडांची पानं उलटी केली. आज एका दगडी गडग्यावर पसरलेली वेल, पानामागे लख्ख चांदी. फळं लांबट, लाल, वर बारीक पांढुरके ठिपके. खाऊन पाहिलं. आधी आंबट, मग सावकाश गोड. हात ओरबाडले.
उद्यापासून दूध एक लिटर सांगितलं. दोघांना लागेल.

४ मार्च, संध्याकाळ
सकाळच्या एसटीने संगमेश्वर. मालन ओटीवर होती. म्हणाली, "हाताला काय झालं?" म्हणजे काळजी आहेच. पिशवी दिली. सोबत नेलेलं पान उलटं करून दाखवलं.
पान हातात घेतलंन. म्हणाली, "बरोबर ओळखलीत."
मग म्हणाली, "पण ही आईंना आवडायची. तुमच्या आईंना. त्यांच्यासाठी आणायचे मी. मला आंबट कधीच चाललं नाही."
चहा दिलान. मी म्हटलं, चल. म्हणाली, "नको. मला इथे बरं आहे." रागावून म्हणाली असती, तर समजूत घातली असती. शांतपणे म्हणाली. पिशवी परत दिलीन.
बस सुटल्यावर लक्षात आलं, मग तुला काय आवडतं, हे विचारायचं राहिलंच. तिला फोन लावला. विनोदने उचलला. म्हटलं, तू सांग, तुझ्या ताईला काय आवडतं? तो गप्प. रेंज गेली असेल म्हणून पुन्हा मोठ्याने विचारलं.
म्हणाला, "भावोजी, आता कशाला?"