मी कुणाचे हात धरले

बाबा, तुमच्या नातवाने आमच्या सोसायटीतल्या गार्डचा जबडा मोडला. रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास, दिल्लीत द्वारकेतल्या आमच्या गेटवर. गार्ड जवळपास माझ्याच वयाचा, बिहारकडचा, दहा वर्षं इथेच आहे. गाडीत दोन मित्र होते, त्यांची नावं रजिस्टरमध्ये लिहा एवढंच तो म्हणाला. मी बाल्कनीतून पाहतोय. “दस साल से देख रहा है मुझे, अब नाम पूछेगा?” असं माझा मुलगा ओरडतो. “आपका नहीं भैया, इनका,” गार्ड म्हणतो, आणि पहिली थप्पड बसते. टोपी खाली पडते. तो ती उचलून झटकतो, डोक्यावर घालतो आणि रजिस्टर पुन्हा पुढे करतो. तेच रजिस्टर हिसकावून ह्याने त्याच्या तोंडावर हाणलं. मी चपला घालून तीन मजले धावत उतरलो. तोवर गार्डने ह्याची कॉलर धरली होती, ह्याच्या ओठातून रक्त येत होतं. मी मध्ये पडलो. ह्याचा ठोसा गार्डला बसला तेव्हा आवाज आला, दाढेखाली खडीसाखर फुटावी तसा. दोन दात रॅम्पवर पडले. मित्रांपैकी एक जण मोबाइलवर शूटिंग करत होता.

पोलीस स्टेशनला मी गेलो. मुलगा घरी बसला. “बाबा, तुम्ही बघून घ्याल ना?” असं त्याने विचारलं, गॅस बुक करायला सांगतो त्याच सुरात. हिने त्याच्या ओठाला बर्फ लावला आणि मला म्हणाली, “त्याला आता काही विचारू नका, आधीच ऑफिसचं टेन्शन आहे.” सब-इन्स्पेक्टरने विचारलं, लड़के की उम्र? मी म्हटलं, तेहतीस. त्याचं पेन थांबलं. “तो वो ख़ुद कहाँ है?” मी म्हणालो, घाबरलाय साहेब, बच्चा है. “अंकल, मेरी उम्र उनतीस है,” एवढंच तो म्हणाला. मग मी सांगितलं तसं त्याने लिहून घेतलं: गार्डने आधी कॉलर धरली, झटापटीत त्याचा रॅम्पवर पाय घसरला, मी सोडवायला गेलो होतो.

तुम्ही आला नव्हतात, बाबा. मी वीस वर्षांचा होतो, सरकारी क्वार्टर्समागच्या मैदानात मी शेजारच्या मुलाच्या खांद्यात बॅट घातली होती आणि त्याचं हाड मोडलं होतं. तुम्ही ऑफिसातून आलात, हातपाय धुतलेत, जेवलात. आई रडत होती. तुम्ही म्हणालात, “त्यांच्या घरी जा. मी येणार नाही.” मी गेलो. त्याच्या वडिलांनी मला दारातच, सगळ्या गल्लीसमोर, कानाखाली दोन वाजवल्या. परत आलो तर तुम्ही विचारलंत, “किती?” म्हटलं, दोन. “बरं. उद्या परत जा. त्याला लिहिता येत नाहीये, त्याच्या नोट्स तू उतरवून द्यायच्या.” सहा आठवडे रोज मी त्या घरात बसून लिहीत होतो आणि रोज मनात तुमचा गळा दाबत होतो. माझ्या मुलाला मी असं कुणाच्या दारात एकटं उभं करणार नाही, हे मी तिथेच ठरवलं. आणि पाळलं. शाळेत काच फोडली, मी गेलो. कॉलेजात हजेरी कमी पडली, मी गेलो. लग्न मोडलं तेव्हा मुलीच्या आईवडिलांना तोंड द्यायलाही मीच गेलो. हा खोलीत दार लावून बसला होता. मला वाटायचं, ह्याला प्रेम म्हणतात.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये गेलो. मुलाला म्हटलं होतं, चल. तो म्हणाला, “मी येऊन काय करू? यार बाबा, तुम्हीच जाऊन या.” गार्डचा जबडा तारांनी बांधला होता, बोलता येत नव्हतं. शेजारी त्याची बायको वाटीत डाळीचं पाणी घेऊन बसली होती. मी म्हटलं, बच्चे से ग़लती हो गई. त्याने नकारार्थी मान हलवली. मग स्वतःची दोन्ही मनगटं एकमेकांवर ठेवून ती माझ्यासमोर धरली, आणि माझ्याकडे बोट केलं. बायकोला काही कळलं नाही. मला कळलं. मी सोडवायला गेलो होतो खरा, पण हात मी त्याचे धरले होते. ठोसा बसला तेव्हा त्याला तोंडापुढे हात नेता आला नाही, तो माझ्यामुळे.

तिथून मी सरळ पोलीस स्टेशनला गेलो आणि जबाब बदलून दिला. संध्याकाळी मुलाला बोलावणं आलं. “तुम्ही येताय ना?” त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. त्याने हातातला ग्लास भिंतीवर फेकला, मला ढकललं, मी सोफ्यावर आपटलो. ही मध्ये उभी राहून किंचाळत होती, “अहो, स्वतःच्या मुलाविरुद्ध?” तो गेला, एकटाच. जामीन झाला. आता गुडगावला खोली घेऊन राहतो, तारखांना स्वतः जातो, माझा फोन उचलत नाही. ही माझ्याशी कामापुरतं बोलते. गार्ड गावी गेला, त्याचं तोंड अजून पुरतं उघडत नाही म्हणतात.

हे पत्र तुम्हाला मिळणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय. नव्या जबाबात मी लिहून दिलंय की गडबडीत चुकून गार्डचे हात धरले गेले. साहेबांनी ते मान्य केलं, हिनेही केलं. चुकून नव्हतं, बाबा. मी कुणाचे हात धरतोय, हे मला धरताना माहीत होतं.